जर्मनीतल्या घराच्या किल्ल्या: कोणती कशाची, आणि हरवली तर काय? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जर्मनीत भाड्याचं घर मिळवणं हेच एक दिव्य असतं. ते पार पडल्याच्या आनंदात ताबा घेताना किल्ल्यांच्या जुडग्याकडे कोणी नीट बघत नाही. आठवडाभराने मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो येतो, ‘ही किल्ली कशाची असेल?’ नव्याने आलेल्या मराठी मंडळींकडून वारंवार येणारे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर जर्मनीवर आहे, शेजारच्या देशांबद्दल शेवटाकडे थोडं.

एका घराला इतक्या किल्ल्या कशाला?

साधारण जुडग्यात घराच्या दाराची किल्ली असते (बहुतेक वेळा इमारतीचं मुख्य दारही तीच उघडते), टपालपेटीची छोटी किल्ली असते, तळघराची म्हणजे केलरची असते आणि कधी सायकलखोलीची किंवा धुण्याच्या खोलीची असते. जुन्या इमारतीत माळ्याची एखादी लोखंडी किल्लीही मिळते. ताबा घेताना भरायच्या कागदात, म्हणजे उबरगाबे-प्रोटोकोलमध्ये, किल्ल्यांचा रकाना असतो. त्यात नुसतं ‘६ किल्ल्या’ लिहू देऊ नका. प्रत्येक किल्ली ज्या कुलपाची आहे त्यात घालून फिरवून बघा, मग कोणत्या कुलपाच्या किती आणि त्यांच्यावर कोरलेला क्रमांक काय, ते लिहून घ्या. एजंट घड्याळाकडे बघत उभा असला तरी. घर सोडताना हाच कागद पुढे येतो.

किल्ली बघून कुलूप कसं ओळखायचं?

तीन ठिकाणी बघायचं: किल्लीचं पातं, किल्लीचं डोकं आणि दारावरचं कुलपाचं तोंड.

आधी तोंड. वरती गोल आणि खाली अरुंद लांबट पाय असा आकार दिसला, तर ते युरोपात बऱ्याच ठिकाणी चालणारं प्रोफाइल सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो कुलपाचा सुटा भाग. बीकेएस या जर्मन कंपनीने १९२४ मध्ये ते आणलं. गोल भाग १७ मिलिमीटरचा, एकूण उंची ३३ मिलिमीटर, जाडी १० मिलिमीटर. माप ठरलेलं असल्यामुळे एका कंपनीचं काढून दुसरीचं बसवता येतं. यात पिना खालच्या पायात असतात, त्यामुळे किल्ली दात खाली करून घालायची. आपल्याकडच्या लॅचला दात वर ठेवायची सवय असते, म्हणून पहिले काही दिवस हात चुकतो.

आता पातं. कडेला डोंगररांगेसारखे दात असतील तर साधं पिनांचं कुलूप. कड सरळ आणि सपाट बाजूला छोटे गोल खड्डे असतील तर ती उलटसुलट कशीही घातली तरी चालणारी किल्ली. तिला वेंडेश्ल्युसेल म्हणतात. हा प्रकार स्वित्झर्लंडच्या काबा कंपनीने १९३४ मध्ये काढला. पात्यात छोट्या गोल चकत्या बसवलेल्या दिसल्या तर ते चुंबकांवर चालणारं कुलूप. व्हिएन्नाच्या एव्हा कंपनीचं एमसीएस त्यात प्रसिद्ध आहे. पात्यात हलणारी बारीक गोळी किंवा पट्टी दिसली तर ती मोडलेली नाही, मुद्दाम तशी केलेली असते, म्हणजे साध्या यंत्रावर तिची नक्कल करता येत नाही. चिमट्याने ओढून बघू नका.

सगळ्यात जास्त माहिती डोक्यावर असते. तिथे नुसतं कंपनीचं नाव असेल तर किल्ली साधी असण्याची शक्यता जास्त. नावाबरोबर अक्षरं आणि आकड्यांची लांब ओळ कोरलेली असेल, तर ती बहुधा पूर्ण इमारतीच्या सामाईक कुलूपव्यवस्थेतली आहे. अशी किल्ली जपायची, कारण पुढच्या प्रश्नांत कळेलच.

माझी एकच किल्ली मुख्य दार, केलर आणि घर, सगळं उघडते. मग शेजाऱ्याची किल्ली माझं घर उघडेल का?

नाही. ही श्लीसआनलागे, म्हणजे सामाईक कुलूपव्यवस्था, आणि तिची मांडणी खरोखर बघण्यासारखी आहे.

साध्या सिलिंडरमध्ये पाच-सहा पिना असतात आणि प्रत्येक पीन दोन तुकड्यांची असते. योग्य किल्ली आत गेली की तिच्या खाचांवर पिना अशा उंचीवर येतात की सगळ्या जोडांची रेघ फिरणाऱ्या गाभ्याच्या कडेशी जुळते. एक पीन जरी केसभर वर-खाली राहिली तरी गाभा अडतो. तुमच्या घराच्या दारात ही उंची फक्त तुमच्या किल्लीला जुळते. मुख्य दाराच्या सिलिंडरमध्ये मात्र काही पिनांचे दोनाऐवजी तीन तुकडे केलेले असतात, किंवा काही पिना गाळलेल्याच असतात. त्यामुळे जोड एकाऐवजी अनेक उंचींवर जुळतो आणि सगळ्या भाडेकरूंच्या किल्ल्या तिथे चालतात. सार्वजनिक दाराचं कुलूप मुद्दाम ढिलं आणि घराचं कडक, असा हिशोब.

म्हणूनच मुख्य दाराच्या कुलपावर फार भरवसा ठेवू नये, असं माझं मत आहे. वीस घरांच्या किल्ल्या जिथे चालतात तिथे अडवणूक कितीशी होणार!

डुप्लिकेट कुठे करून मिळेल?

साध्या दातेरी किल्लीची नक्कल चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या दुकानात किंवा बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, थांबल्या थांबल्या होते. किल्लीवाला आणि चांभार एकाच गाळ्यात हे जर्मनीतलं ठरलेलं दृश्य आहे.

व्यवस्थेतल्या किल्लीला ते हात लावणार नाहीत. तिच्यासाठी झिशरुंग्सकार्टं लागतं. हे एटीएम कार्डाएवढं कार्ड असतं, ते घरमालकाकडे किंवा हाउसफरवाल्टुंगकडे, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्या कचेरीकडे, असतं, आणि ते दाखवल्याशिवाय कंपनी किल्ली बनवत नाही. तेव्हा आधी मालकाला ईमेल करा. आई-बाबा तीन महिने राहायला येणार आहेत, त्यांना जास्तीची किल्ली हवी, हे कारण पूर्ण रास्त आहे आणि मालक सहसा नाही म्हणत नाहीत. पत्र जायला, ऑर्डर नोंदवायला आणि किल्ली यायला काही आठवडे जातात, म्हणून विमानाची तिकिटं काढली की लगेच कळवा.

व्यवस्थेतली किल्ली हरवली. आता पूर्ण इमारतीची कुलपं माझ्या खर्चाने बदलणार?

घाबरायच्या आधी ५ मार्च २०१४ चा निकाल माहीत असू द्या. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयासमोर, बुंडेसगेरिश्ट्सहोफसमोर, असंच एक प्रकरण आलं होतं. भाडेकरूने दोनपैकी एकच किल्ली परत केली होती आणि सगळी व्यवस्था बदलण्याचा खर्च त्याच्याकडे मागितला गेला. व्यवस्था मात्र कोणी बदललीच नव्हती. न्यायालयाने सांगितलं की सुरक्षेसाठी कुलपं खरोखर बदलली असतील तरच हा खर्च मागता येतो; नुसत्या अंदाजपत्रकावर पैसे मागता येणार नाहीत.

किल्ली गैरहातात पडायचा धोका होता का, हेही बघितलं जातं. पत्ता लिहिलेल्या पिशवीसकट चोरीला गेली तर धोका उघड आहे. होडीतून फिरताना तळ्याच्या मधोमध बुडाली, तर ती कोण काढणार आणि कुठल्या दाराला लावणार? किल्लीला पत्त्याचा टॅग लावू नका तो याचसाठी.

हरवल्याचं मालकाला लगेच आणि लेखी कळवा. लपवल्याने जबाबदारी वाढतेच. गावातल्या फुंडब्युरोत, म्हणजे हरवलं-सापडलं कचेरीत, चौकशी करा. सापडलेल्या किल्ल्या इथे लोक खरंच आणून देतात. आणि तुमच्या हाफ्टफ्लिश्ट विम्यात (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) ‘परक्या किल्ल्या हरवणे’ हे कलम आहे का ते आजच बघा. ते कलम असतं, पण प्रत्येक पॉलिसीत नसतं.

दार नुसतं ओढून घेतलं, किल्ली आत राहिली. बाहेरून मूठ फिरतच नाही!

इथल्या घरांच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते, स्थिर गोळा असतो. दार ओढलं की जिभली खटकन आत बसते आणि किल्लीशिवाय बाहेरून उघडत नाही. कडी-कोयंड्यावर वाढलेल्यांना याचा फटका हमखास बसतो. बहुतेकदा कचरा टाकायला चार पावलं गेल्यावर, पायात स्लिपर आणि फोन आत चार्जिंगला.

जिभलीवर टेकलेलं दार आणि कुलूप लावलेलं दार यांत मोठा फरक आहे. किल्ली चौकटीच्या दिशेने फिरवली की जाड अडसर बाहेर येतो, बऱ्याच कुलपांत दोन फेऱ्यांत. हे झालं कुलूप लावणं. नुसतं ओढलेलं दार जाणकार माणूस सिलिंडरला धक्का न लावता काही मिनिटांत उघडतो. ड्रिल लावायची गरज जवळपास कधीच नसते. ‘मशीनने भोक पाडावं लागेल, सिलिंडर नवं घ्यावं लागेल’ असं कोणी आल्या आल्या म्हणायला लागलं, तर तुम्ही नुसतं दार ओढलं होतं हे त्याला ठणकावून सांगा.

श्ल्युसेलडीन्स्टला, म्हणजे दार उघडून देणाऱ्या किल्लीवाल्याला, बोलावताना काय काळजी घ्यावी?

हा लुटीचा धंदा म्हणून बदनाम आहे, सगळे तसे नसले तरी. शोधात सगळ्यात वर येणारी जाहिरात म्हणजे जवळचा कारागीर असं नाही. अनेकदा ते दूरच्या शहरातलं कॉल सेंटर असतं आणि पत्ता फक्त दाखवायला दिलेला असतो. फोनवरच एकूण रक्कम विचारा: येण्याजाण्याचा खर्च, रात्रीचा किंवा रविवारचा जादा आकार आणि कर, सगळं धरून. माणूस आल्यावर काम सुरू करायच्या आधी तोच आकडा कागदावर घ्या. जागेवरच पूर्ण रोख रकमेची दमदाटी झाली तर ११० वर पोलिसांना फोन करा, त्यात संकोच नको. ग्राहक सल्ला केंद्र, फरब्राउखरत्सेंट्राले, या फसवणुकीबद्दल सल्ला देतं.

आत गॅसवर भांडं आहे किंवा लहान मूल एकटं आहे, असं असेल तर हे सगळं सोडा आणि सरळ ११२.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे एक किल्ली ओळखीच्या घरी ठेवणं. शेजारच्या आजींशी ओळख करायला दिवाळीचा फराळ हे उत्तम निमित्त आहे.

आतून किल्ली कुलपात तशीच ठेवली तर बाहेरून दुसऱ्या किल्लीने उघडेल का?

साध्या दुहेरी सिलिंडरमध्ये नाही उघडणार. आतली किल्ली मधली यंत्रणा धरून ठेवते. काही सिलिंडरमध्ये आणीबाणीची सोय असते, त्यात दोन्ही बाजूंनी किल्ली चालते. तुमचं कोणतं आहे हे कळायला दार उघडं ठेवा, आतून एक किल्ली घाला आणि बाहेरून दुसरी फिरवून बघा. घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर ही तपासणी पहिल्याच दिवशी करा. सोय नसेल तर आतून किल्ली लावून ठेवायची सवय मोडा.

सिलिंडर मीच बदललं तर चालेल का? मालकाकडे एक किल्ली आहे असा संशय आहे.

तुमच्या संमतीशिवाय भाड्याच्या घराची किल्ली मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाही. भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने सिलिंडर बदलणंही इथे सर्रास चालतं. जुनं सांभाळून ठेवायचं आणि घर सोडताना परत बसवायचं.

काम सोपं आहे. दाराच्या कडेला, अडसराच्या खाली, सिलिंडरच्या उंचीवर एक लांब स्क्रू दिसतो. तो पूर्ण काढा. किल्ली घालून थोडीशीच फिरवा, म्हणजे सिलिंडरच्या पोटातला दात आतल्या बाजूला लपतो आणि सिलिंडर हळूच बाहेर सरकतं. खरी गोम मापात असते. लांबी एका आकड्यात सांगत नाहीत. त्या स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून बाहेरच्या टोकापर्यंत एक आणि आतल्या टोकापर्यंत दुसरा, असे दोन आकडे लागतात, जसं ३०/३५ किंवा ३५/४०. ते उलटे सांगितले तर सिलिंडर एका बाजूने खोल जाईल आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येईल. बाहेरून दारावरच्या धातूच्या पट्टीच्या वर ते ३ मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावू नये. पुढे आलेलं सिलिंडर पकडीत धरून मोडणं चोराला सोपं जातं.

रात्री दहानंतर मुख्य दाराला किल्लीने कुलूप लावा, अशी जिन्यात सूचना आहे. पाळायची का?

फ्रँकफुर्टच्या लांडगेरिश्टने, म्हणजे तिथल्या प्रादेशिक न्यायालयाने, २०१५ मध्ये या नियमाच्या विरोधात निकाल दिला. आग लागली तर घाबरलेल्या माणसाने अंधारात किल्ली शोधत बसायचं का, हा साधा मुद्दा होता. बाहेरून बंद राहणारी पण आतून किल्लीशिवाय उघडणारी कुलपं बाजारात मिळतात. ही माहिती गृहसभेत मांडा. जिन्यात जर्मन शेजाऱ्याशी वाद घालून काही साधत नाही.

वेगे म्हणजे सामाईक घरात राहतो. माझ्या खोलीची किल्ली जुनाट, मोठी आहे आणि शेजारच्या खोलीलाही लागते!

ही बुंटबार्ट किल्ली: गोल दांडी आणि टोकाला एकच चपटा दात. घराच्या आतल्या दारांना हीच कुलपं असतात. ती आडोशासाठी आहेत, सुरक्षेसाठी नाहीत. दाताच्या आकाराला क्रमांक असतो, तो बघून बाउमार्क्टमध्ये नवी किल्ली तयारच मिळते. लॅपटॉप-पासपोर्टची काळजी असेल तर मालकाला विचारून दारातलं कुलूपच बदलून घ्या. न्हाणीघराच्या दाराला बाहेरून किल्लीऐवजी नुसती खाच असते. आत कोणी अडकलं तर नाणं घालून फिरवायची.

बर्लिनच्या जुन्या घरात दोन्ही टोकांना दात असलेली किल्ली मिळाली. धरायची कुठे?

भाग्यवान आहात. ही डुर्खश्टेकश्ल्युसेल, ‘बर्लिनची किल्ली’ म्हणून प्रसिद्ध. योहानेस श्वायगर याने १९१२ च्या सुमारास ती काढली. रात्री बाहेरून किल्ली घालून दार उघडलं की ती मागे काढताच येत नाही. ती भोकातून आरपार पुढे ढकलायची, आत यायचं, दार लावायचं, आतून फिरवून कुलूप लावायचं, तेव्हा कुठे दुसऱ्या बाजूने ती हातात येते. थोडक्यात, दार बंद केल्याशिवाय तुमची किल्ली तुम्हाला परत मिळत नाही. दिवसा दार मोकळं ठेवायचं काम इमारतीच्या रखवालदाराच्या वेगळ्या किल्लीने व्हायचं. सूचना लावून भाडेकरूंना शिस्त लागत नाही, हे तेव्हाच्या घरमालकांनी ओळखलं होतं. हल्ली अशी कुलपं फार थोडी उरली आहेत, त्यामुळे किल्ली हरवू नका आणि आठवण म्हणून पुण्यालाही नेऊ नका.

दातच नसलेल्या छोट्या किल्ल्या कशाच्या?

टोकाला ५ मिलिमीटरचं चौकोनी भोक असेल तर ती हीटरमधली हवा काढायची चावी. हिवाळ्यात रेडिएटर गुडगुडतो आणि वरून गार राहतो, तेव्हा लागते. खाली वाटी धरा, शिट्टीसारखा आवाज थांबून पाणी आलं की लगेच बंद. त्रिकोणी भोकाची असेल तर मीटरच्या कपाटाची. निळ्या बटणाची गोल चकती म्हणजे इलेक्ट्रॉनिक ट्रान्सपाँडर, एक बिनतारी किल्ली; दार उघडताना एरवीपेक्षा जास्त बीप ऐकू आले तर बॅटरी संपत आली आहे, तेव्हाच कळवून टाका.

बॅगेच्या कुलपाला चावीचं भोक आहे, पण चावी मिळालीच नाही.

मिळणारही नाही. भोकाशेजारी लाल चौकट आणि टीएसए ००२ किंवा ००७ असं काही लिहिलेलं असेल. ती चावी अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा कर्मचाऱ्यांकडे असते, तुम्ही आकडेच वापरायचे. त्या मास्टर किल्ल्यांचा फोटो २०१४ मध्ये एका वर्तमानपत्रात छापून आला आणि पुढच्या वर्षी लोकांनी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर चालणाऱ्या किल्ल्या बनवल्या. त्या कुलपाच्या भरवशावर बॅगेत दागिने ठेवू नका.

ओळखण्यासाठी किल्लीचा फोटो ग्रुपवर टाकला तर चालेल ना?

टाकू नका. २००८ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी सुमारे ६० मीटरवरून काढलेल्या फोटोवरून किल्ली बनवून दाखवली होती. व्यवस्थेतल्या किल्लीवरचा क्रमांकही असाच नाजूक. विचारायचंच असेल तर दात आणि क्रमांक झाकून फक्त डोक्याचा किंवा कुलपाच्या तोंडाचा फोटो द्या.

इतर देशांत काय वेगळं दिसेल?

फिनलंडमध्ये अर्धगोल पात्याची किल्ली दिसली की ती आब्लॉय. एमिल हेन्रिक्सनने १९०७ मध्ये शोधलेल्या या कुलपात पिना नाहीत, फिरणाऱ्या चकत्या आहेत. स्प्रिंगा नसल्याने कडाक्याच्या थंडीत ते अडत नाही. इटलीत दोन्ही बाजूंना पंखासारखे दात असलेली लांब, तिजोरीला शोभेल अशी किल्ली घराच्या दाराला असते. फ्रान्समध्ये मुख्य दाराला आकड्यांचा फलक किंवा विजिक नावाचा इलेक्ट्रॉनिक बिल्ला. ब्रिटनमध्ये दारात पाच लिव्हरचं कुलूप आणि त्यावर बीएस ३६२१ ही खूण आहे का ते बघा, विमा कंपनी तेच विचारते. लिव्हर हा शब्द गोदरेजच्या कुलपांमुळे आपल्याला नवा नाही. तिथल्या प्लॅस्टिकच्या दारांना मात्र आधी मूठ वर उचलावी लागते, त्याशिवाय किल्ली फिरत नाही. अमेरिकेत तुमच्या टपालपेटीत एखादी अनोळखी किल्ली पडलेली सापडली तर ती बहुधा शेजारच्या पार्सल-कप्प्याची. कप्पा उघडल्यावर ती कुलपातच अडकून राहते, ओढत बसू नका.

केलरला भारतातून आणलेलं कुलूप चालेल?

चालतं. केलरच्या लाकडी पट्ट्यांच्या दाराला कडी असते आणि कुलूप ज्याचं त्याने लावायचं. फक्त कुलपाचा दांडा कडीच्या भोकात जातो का ते मोजून मग बॅगेत घाला.

किल्ली अडकत फिरते. तेल घालू?

खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका, धूळ धरून काही महिन्यांत पिना चिकटतात. कुलपांसाठीचा खास स्प्रे मिळतो, तो थोडासा मारा. दार उघडं असताना किल्ली सहज फिरते आणि बंद केल्यावर अडते, असं असेल तर दोष कुलपाचा नाही. दार खाली बसलंय, बिजागरी नीट करायला सांगा.

घर सोडताना?

स्वतःच्या पैशाने केलेल्या डुप्लिकेटसुद्धा मालकाला द्याव्या लागतात, किंवा त्याच्या संमतीने नष्ट कराव्या लागतात. किल्ल्या त्याच्या टपालपेटीत टाकून निघून जाऊ नका. प्रत्यक्ष द्या, ताब्याच्या कागदावर प्रत्येक किल्ली मोजून सही घ्या, आणि डिपॉझिट खात्यात जमा होईपर्यंत तो कागद फेकू नका.